एक सेमिस्टर ब्लॅक कॉलेजात? लेक हट्टाला पेटलीय, कोणाला अनुभव आहे का

ओहायोची_माय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज लिहितेय कारण घरात आठवडाभर वाद चाललाय. लेक इथल्याच एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात सेकंड इयरला आहे, विषय सोशिऑलॉजी. गाव एवढंसं, एक ग्रोसरी, एक पिझ्झावाला आणि बाकी सगळा मका. थँक्सगिव्हिंगला घरी आली आणि वरणभात कालवता कालवता म्हणाली की पुढच्या फॉलला मी एक सेमिस्टर एचबीसीयूला जाणारे, एक्स्चेंजवर. मला आधी वाटलं परदेशात कुठेतरी, म्हटलं जा की, आम्ही पण येऊ फिरायला. तर नाही, इथेच, अमेरिकेतच, साउथमध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही परवापर्यंत नीट माहीत नव्हतं), एचबीसीयू म्हणजे हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज, ही १९६४ च्या आधी ब्लॅक मुलांच्या शिक्षणासाठी निघालेली कॉलेजं, साधारण शंभर आहेत देशभरात, बरीचशी साउथमध्ये. हॉवर्ड, स्पेलमन, मोरहाउस ही नावं ऐकलेली असतील. कायद्याने कुठल्याही रंगाच्या मुलांना प्रवेश आहे, गोरे पण शिकतात तिथे, पण मुळात ती काढली कारण बाकीची दारं बंद होती.

आता प्रश्न. नवऱ्याचे तीन आहेत, फी कुठे भरायची, क्रेडिट मोजली जाणार का, आणि "सेफ आहे का". ह्या तिसऱ्या प्रश्नात त्याला नक्की काय विचारायचंय ते मला कळतं आणि मला ते आवडलेलं नाही, त्यावर आमचं वेगळं भांडण झालं, ते सोडा. माझा प्रश्न दुसराच आहे. ही एक्स्चेंज मुळात गोऱ्या कॉलेजातली मुलं तिकडे आणि तिकडची इकडे यासाठी ना? मग आमची लेक ना गोरी ना काळी, तिने तिथे जाऊन काय करायचं? कुणाची जागा अडवल्यासारखं नाही का होत? तिला विचारलं तर म्हणाली आई तू ओव्हरथिंक करतेस. असेल बाई. पण कोणी गेलंय का, कोणाची मुलं गेलीयत का?

एडिसनकर_काका

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. साठ-सत्तर हजार डॉलर भरून ज्या कॉलेजात घातलं त्याचं नाव सोडून एक सेमिस्टर दुसरीकडे कशाला? रेझ्युमेवर काय दिसणार? हे सगळं अमेरिकन लोकांचं आपसातलं जुनं प्रकरण आहे, त्यात आपल्या मुलीने कशाला पडायचं. त्यापेक्षा समर इंटर्नशिप बघा म्हणावं.

जुनी_पानं

ताई, तुमच्या लेकीला सांगा, ती पहिली नाही, ही वाट खूप जुनी आहे. मी पुण्यात तीस वर्षं इतिहास शिकवला, आता रिटायर आहे, वेळच वेळ आहे तेव्हा थोडं लांबण लावतो.

नॅशविलला फिस्क म्हणून युनिव्हर्सिटी आहे, १८६६ ची. १९६० च्या आसपास तिथे गोऱ्या कॉलेजांतून एक्स्चेंजवर मुलं यायची, मोजकीच. कँडी अँडरसन नावाची मुलगी कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजातून आली होती. आली शिकायला आणि त्याच फेब्रुवारीत नॅशविलच्या दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर ब्लॅक मुलांनी बसून राहायचं आंदोलन सुरू केलं, तर ही पण जाऊन बसली आणि पकडली गेली. पकडल्यावरही गोऱ्यांना वेगळं ठेवायचे, म्हणजे एकत्र बसल्याबद्दल पकडायचं आणि आत नेऊन पुन्हा वेगळं करायचं, बघा म्हणजे.

दुसरा जिम झ्वर्ग. विस्कॉन्सिनचा पोरगा, बेलॉइट कॉलेजात ब्लॅक रूममेट होता, त्याला लोक कसं वागवतात ते रोज बघत होता, म्हणून म्हणाला आपण उलटं करून बघू, मी एकटा गोरा असलो तर कसं वाटतं. १९६१ च्या जानेवारीत फिस्कला आला. मे महिन्यात फ्रीडम राइडच्या बसमध्ये बसला (बसमधला काळा-गोरा भेद मोडायला काळे-गोरे मिळून साउथमध्ये जायचे, ते आंदोलन), सोबत जॉन लुइस, तोच जो पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून गेला. २० मे ला अलाबामात माँटगोमेरीच्या बस स्टँडवर जमावाने मारलं, आणि आधी ह्यालाच धरलं कारण हा गोरा, म्हणजे त्यांच्या हिशेबात फितूर. रक्ताने माखलेल्या झ्वर्ग आणि लुइसचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल, नाव माहीत नसेल एवढंच. हा मुलगा एका सेमिस्टरसाठी आला होता हो! काका, ह्याच्या रेझ्युमेचं काय करायचं सांगा.

पण खरी गोष्ट उलट्या दिशेची आहे आणि ती कमी सांगितली जाते. रूथ सिमन्स. टेक्सासमधल्या ग्रेपलँड गावची, बटईने शेती करणाऱ्या घरातलं बारावं मूल. न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड ह्या ब्लॅक युनिव्हर्सिटीत शिकत होती, तिथून थर्ड इयरला वेलस्लीला गेली, मॅसॅच्युसेट्समधलं श्रीमंत गोऱ्या मुलींचं कॉलेज. तिथे अध्यक्षपदी बाई होत्या, मार्गारेट क्लॅप, आणि कॉलेज बाई चालवू शकते हे तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं. १९६७ ला डिग्री मात्र डिलर्डचीच. पुढे १९९५ ला स्मिथ कॉलेजची अध्यक्ष आणि २००१ ला ब्राऊनची, आयव्ही लीगमधली पहिली ब्लॅक अध्यक्ष. तिथे जाऊन तिने २००३ ला समिती नेमली की ब्राऊनचा गुलामांच्या व्यापाराशी काय संबंध होता ते शोधा, अहवाल २००६ ला आला. आणि म्हातारपणी, आराम करायच्या वयात, २०१७ ला टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू ह्या ब्लॅक युनिव्हर्सिटीची अध्यक्ष झाली. गेली, शिकली, चालवलं आणि परत आली.

एडिसनकर_काका

सर, इतिहासाबद्दल आदर आहे पण एवढी मोठी माणसं कोट्यवधींत एखादी होतात. बाकीच्यांचं काय ते बोला.

मक्यातला_मावळा

काका बाकीच्यांचं मी सांगतो. मी आयोवात होतो, कॉलेजचं नाव नको. ज्युनिअर इयरला माझ्या मजल्यावर एक मुलगा आला एक्स्चेंजवर, अटलांटाच्या एका ब्लॅक कॉलेजातून. हुशार, गप्पिष्ट, तिकडे स्टुडंट कौन्सिलमध्ये होता. ऑगस्टात आला आणि सप्टेंबर संपेस्तोवर त्याचा प्रॉब्लेम काय झाला माहितीये? केस. गावात दोन न्हावी, दोघांनाही त्याचे केस कापता येईनात, एकाने तर सरळ मशीन लावून मागचा अर्धा फेड वाया घालवला आणि पंचवीस डॉलर घेतले. माझ्याकडे जुनी कोरोला होती. मग दर दुसऱ्या शनिवारी आम्ही दे मॉइनला, सव्वा तास जायला सव्वा तास यायला, आणि शॉपमध्ये नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास. हायवेवर दोन्ही बाजूंना मका आणि हा सीट मागे टाकून सांगतोय की घरी असतो तर चालत जाऊन आलो असतो. कॉलेजने त्याला वेलकम किट दिलं होतं, त्यात लोकरीची टोपी आणि पाण्याची बाटली. न्हावी कुठे आहे हे कुणी सांगितलं नव्हतं कारण कुणाला सुचलंच नव्हतं.

त्या शॉपमध्ये मी एकटा देशी. पहिल्या दिवशी सगळे बघत होते, तिसऱ्या खेपेला बार्बर म्हणाला तू नुसता बसून राहतोस, ये तुझेही कापतो. चार वर्षांतला सगळ्यात भारी हेअरकट, आईने फोटो बघून विचारलं साखरपुडा आहे का कुणाचा.

मुद्दा असा की तो एक सेमिस्टर करून परत गेला, वर्षभराचा प्लॅन होता. जाताना रागात वगैरे नव्हता, म्हणाला इथे मी दिवसभर ब्लॅक असतो, तिकडे मी नुसता मी असतो, आणि दमायला होतं रे. त्याच्या बदल्यात आमच्याकडून अटलांटाला कोण गेलं? कोणी नाही. त्या वर्षी एकही अर्ज नव्हता. तेव्हा ताई, जागा अडवायची चिंता सोडा, इकडून तिकडे जाणाऱ्यांचाच दुष्काळ आहे.

नॅशविलची_पाहुणी

मी गेलेय, फिस्कलाच! मिनेसोटाच्या कॉलेजातून, एक फॉल सेमिस्टर. सरांनी फिस्कचं नाव काढलं म्हणून लिहायलाच बसले, लांब होणार आहे, सॉरी.

आधी काकूंच्या नवऱ्याचं उत्तर. सेफ्टीचं म्हणाल तर मिनेसोटात मी बर्फावरून घसरून मनगट मोडलं होतं, नॅशविलला काहीच मोडलं नाही.

कॅम्पस छोटं, हजारेक मुलं असतील, सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे मी नवीन आहे हे मेसच्या मावशींपासून सगळ्यांना दुसऱ्या दिवशी माहीत. जेवणाची मजा वेगळीच. मी व्हेजिटेरियन म्हणून हिरवी भाजी वाढून घेतली, कोलार्ड ग्रीन्स, दिसायला आपल्या अळूसारखी, चव पण झकास, आणि अर्ध्या वाटीनंतर तळाशी टर्कीचा तुकडा. मी तशीच बसले. समोरची मुलगी हसून हसून पडायची बाकी, म्हणाली हनी, इथे भाजीत पण कोणीतरी असतंच. पुढच्या आठवड्यापासून मेसवाल्या मावशी माझ्यासाठी एक वाटी आधीच बाजूला काढायच्या, तुकडा घालायच्या आधी, न सांगता.

६ ऑक्टोबरला ज्युबिली डे असतो. १८७१ ला ह्याच तारखेला तिथल्या विद्यार्थ्यांचा गाण्याचा ग्रुप दौऱ्यावर निघाला कारण शाळेकडे पैसेच उरले नव्हते, नऊ जण, बरेचसे स्वतः गुलामीत जन्मलेले, आणि गाऊन गाऊन इतके पैसे आणले की त्यातून ज्युबिली हॉल उभा राहिला, अजून आहे, मुली राहतात त्यात. त्या दिवशी सगळं कॅम्पस कडक कपड्यांत. आपल्याकडे शाळेच्या संस्थापकांची जयंती असते ना, हार, दोन भाषणं, पेढा, मला वाटलं तसंच असेल. तर नाही, इथे मुलं अजूनही तीच गाणी म्हणतात आणि अगदी हळू आवाजात सुरू करतात, इतकं हळू की सभागृहात खुर्ची पण वाजवायची भीती वाटते.

आता वर्ग. माझ्या मूळ कॉलेजात रिकन्स्ट्रक्शन म्हणजे सिव्हिल वॉरनंतरची दहा-बारा वर्षं, दोन पानांत संपायची. इथे पहिल्याच तासाला सरांनी ती सगळ्यांना माहीत आहेत असं धरून पुढे सुरुवात केली. मला काही कळेना. आणि मग भांडणं, ती तर ऐकण्यासारखी. मला वाटायचं ह्या विषयावर तिथे सगळ्यांचं एकच मत असणार, कारण मिनेसोटात वर्गात एकच ब्लॅक मुलगी होती आणि ती बोलली की सगळे माना डोलवायचे, तेच मत. इथे तीस जण आणि बत्तीस मतं. ब्लॅक लोकांचे दोन जुने पुढारी, बुकर टी. वॉशिंग्टन म्हणतो आधी हाताला काम शिका, जमीन घ्या, बाकी हक्क मागून येतील, आणि ड्यु बॉइस (तो फिस्कचाच, १८८८ ची बॅच, मग हार्वर्ड) म्हणतो हक्क सोडून काम शिकलात तर कायम हमालच राहाल. अर्धा वर्ग इकडे अर्धा तिकडे, एक मुलगा बाक आपटतोय. मला एकदम टिळक-आगरकर आठवले, आधी राजकीय की आधी सामाजिक. कुणालाच काही पहिल्यापासून समजावून सांगायचं नसलं की वर्ग कुठच्या कुठे जातो हे मी तिथे पाहिलं.

आणि काकू तुमचा खरा प्रश्न, आपण ना गोरे ना काळे. मलाही असंच वाटायचं की मी बाजूला बसून बघणार. दुसऱ्या आठवड्यात वर्गात मी हात वर करून म्हटलं की मलाही शाळेत रंगावरून चिडवायचे, आम्हालाही हा अनुभव आहे. कोणी काही बोललं नाही. रात्री रूममेटने नखं रंगवता रंगवता विचारलं, तुझी कास्ट कुठली? मला घामच फुटला. म्हटलं आमच्या घरी हे मानत नाहीत. ती ब्रशवरून नजर न काढता म्हणाली, माझ्या गावचे गोरे पण हेच म्हणतात. तिने एका कोर्समध्ये आंबेडकर वाचले होते, माझ्यापेक्षा जास्त. मी शाळेत १४ एप्रिलला सुट्टी असते इतकंच शिकलेली, आडनावावरून सगळ्यांना सगळं कळायचं तरी. त्या रात्री आम्ही तीनपर्यंत बोलत होतो, तिला सगळं खरं सांगितलं, आजीकडे कामवाल्या मावशींचा कप वेगळा होता ते पण. मैत्री अजून आहे.

तेव्हा लेकीला पाठवा, पण ती तिथे रिकाम्या पाटीने जात नाहीये एवढं तिला माहीत असू दे.

जुनी_पानं

वेगळा कप. हे लिहायला धीर लागतो बाळा.

तुझ्या रूममेटला पुढच्या फोनवर सांग, जोतीरावांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलीय, त्यांचा कित्ता आमच्या लोकांनी गिरवावा म्हणून. आणि बाबासाहेबांनी १९४६ ला ड्यु बॉइसना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतले ब्लॅक लोक संयुक्त राष्ट्रांत जे निवेदन देणार होते त्याची प्रत मागायला, आणि ड्यु बॉइसनी उत्तरही पाठवलं. काका म्हणतात हे त्यांचं आपसातलं प्रकरण. पत्रव्यवहार तर जुना आहे.

एडिसनकर_काका

बरं बाबा, माघार. तरी नोकरीचं विचारणारच, मी बाप आहे. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांना ह्याचा काही उपयोग?

रजिस्ट्रार_ऑफिसवाली

काका, भरपूर. अटलांटाच्या ब्लॅक कॉलेजांतून तीन वर्षं आणि मग जॉर्जिया टेकला दोन वर्षं, हातात दोन डिग्र्या, ही इंजिनिअरिंगची जुनी सोय आहे. नॅशविलला फिस्कमध्ये फिजिक्सचं मास्टर्स करून व्हँडरबिल्टला पीएचडी असा पूल २००४ पासून आहे. मिसिसिपीतलं टूगलू आणि ब्राऊन ह्यांचा करार १९६४ चा, अजून चालू आहे, टूगलूच्या मुलांना ब्राऊनच्या मेडिकल स्कूलची वाट त्यातून मिळते. अर्थात ह्या पुलांवर गर्दी बहुतेक एकाच बाजूने असते हे वर मावळ्याने लिहिलंच आहे. आणि टूगलूचा करार पण सगळा गोडीगुलाबीचा नव्हता, तिथले अध्यक्ष बाइटेल, स्वतः गोरे पण आंदोलनातल्या मुलांच्या पाठीशी उभे राहायचे, त्यांना त्याच वर्षी पद सोडावं लागलं आणि त्यामागे ब्राऊनचं वजन होतं असा आरोप अजून होतो. पैसेवाला पार्टनर आला की घरात कोणाचं चालतं, ते असंच.

आता ताईंच्या कामाचं, मी हेच काम करते रोज. एक, तुमच्या कॉलेजचा त्या कॉलेजशी थेट करार आहे का ते बघा. थेट करार असेल तर बहुतेक वेळा फी आपल्याच कॉलेजला भरतात आणि राहण्या-जेवण्याचे पैसे तिकडे. थेट नसेल तर नॅशनल स्टुडंट एक्स्चेंज म्हणून १९६८ पासूनची मोठी संस्था आहे, पण त्यात दोन्हीकडची कॉलेजं मेंबर लागतात. तिथे दोन प्रकार, एकात तिकडची इन-स्टेट फी (त्या राज्यातल्या मुलांना लागते ती) भरायची, दुसऱ्यात आपली नेहमीची. हिशेब मांडून मगच टिक करा, फरक हजारोंत पडतो. एड, म्हणजे सरकारी आर्थिक मदत, बहुतेक वेळा आपल्याच कॉलेजमार्फत येते, दोन कॉलेजं एकाच सेमिस्टरला फेडरल एड देऊ शकत नाहीत. कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप मात्र बाहेर लागू होते का ते वेगळं विचारा, इथे लोक फसतात.

क्रेडिटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी स्वतःच्या जखमेवरून सांगते. मी विद्यार्थी असताना माझ्या कॉलेजात ॲडव्हायझर तोंडी म्हणाले हो हो मिळतील, परत आले तर चारपैकी दोन कोर्स इलेक्टिव्हमध्ये टाकले, मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, मोजलेच नाहीत, ग्रॅज्युएशन एक सेमिस्टर पुढे गेलं. तेव्हा प्रत्येक कोर्सचा सिलॅबस आधी मागवायचा, डिपार्टमेंटची लेखी मंजुरी घ्यायची, आणि चारला चार नाही, सहा-सात कोर्स मंजूर करून ठेवायचे कारण तिकडे गेल्यावर ऐनवेळी एखादा भरलेला असतो. कुणाचं मूल एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, असेल तर त्याने ह्या सगळ्याच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला जायचं, फॉर्म भरून झाल्यावर नाही.

ओहायोची_माय

काय लिहू, सगळं लेकीला वाचून दाखवलं फोनवर. केसांच्या गोष्टीला खूप हसली आणि मग गप्प झाली, म्हणाली आमच्याकडे पण एक मुलगी आलीय एक्स्चेंजवर, मी तिला कधी विचारलंच नाही ती वेणी कुठे घालून घेते. कपाची गोष्ट मी वाचताना वगळणार होते, मग वाचली. आमच्याकडेही होता, हिरव्या कडेचा, माठाच्या मागे ठेवायचे. तिने विचारलं कोणाचा. सांगितलं.

सात कोर्सची यादी केलीय, त्यातले पाच काल डिपार्टमेंटला पाठवले. नवरा आता फक्त फीचं विचारतोय, म्हणजे तिसरा प्रश्न मिटला असं धरते. फिस्कशी त्यांचा थेट करार नाहीये म्हणे, दुसऱ्या एका कॉलेजशी आहे, ते कळलं की लिहीन.

नॅशविलच्या पाहुणीला एक विचारायचं राहिलं, हॉस्टेलला छोटा कुकर चालतो का गं? भाजीत कोणीतरी असेल तर निदान खिचडी तरी.

नॅशविलची_पाहुणी

कुकर अजिबात नको काकू, माझ्या पहिल्या शिट्टीला फायर अलार्म झाला आणि अख्खा मजला रात्री साडेअकराला नाइटड्रेसमध्ये लॉनवर. मायक्रोवेव्हमध्ये मूगडाळीची खिचडी छान होते, एकास साडेतीन पाणी, डाळ-तांदूळ तासभर भिजवून, काचेच्या खोल भांड्यात आणि वर ताटली अर्धवट. डबल करायला सांगा, दुसऱ्या दिवसापासून रूममेट मागते.